गिअर अडकला म्हणजे गिअरबॉक्स गेला?

जळगाव-धुळ्याकडे एक समज पक्का बसलाय: ऑटोमॅटिक पिकअप एकाच गिअरमध्ये अडकली, की गिअरबॉक्स उतरवायचाच. साफ चूक! सेन्सरचा सिग्नल तुटला तरी कंट्रोल युनिट (गिअरबॉक्स चालवणारा छोटा कॉम्प्युटर) गाडी मुद्दाम एका गिअरवर धरून ठेवतं, आतलं नुकसान टळावं म्हणून. रावेरची केळी भरलेली गाडी अशी अडकली, की घाबरलेला मालक लगेच हजारोंच्या कामाला हो म्हणतो, याचंच वाईट वाटतं.

आधी बॅटरी तपासा. इंजिन बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट हवेत. मग अर्थिंग, म्हणजे बॅटरीची निगेटिव्ह वायर बॉडीला घट्ट बसलीय का ते. मग गिअरबॉक्सचा कनेक्टर सोडवून पिना बघा: हिरवट गंज, आत झिरपलेलं ऑइल. गाडीतले बिघाड वाचणाऱ्या स्कॅनरवर दिसणारा पी०७०० हा कोड फक्त ‘गिअरबॉक्सच्या युनिटमधला कोड वाचा’ एवढंच सांगतो. ऑइलला जळका वास आणि त्यात धातूचा कीस असेल, तेव्हाच खोलायचं बोला.