जजचं रिटायरमेंटचं वय ७० वरून ६२

२०१२ मध्ये हंगेरीत जवळपास पावणेतीनशे जज एकाच वर्षात घरी गेले, म्हणजे देशातल्या एकूण जजपैकी साधारण दहा टक्के. आरोप ठेवून कुणाला काढलं नव्हतं, फक्त रिटायरमेंटचं वय ७० वरून ६२ वर आणलं होतं, तेही रीतसर संसदेत पास करून. सरकार म्हणालं, बाकी नोकरदारांसारखंच वय केलंय, त्यात काय चुकलं.

पण सगळे जज सारखे नसतात ना. वयाने मोठे असतात तेच बहुतेक कोर्टांचे प्रमुख असतात, वरच्या कोर्टात बसलेले असतात, म्हणजे वय कापलं की नेमका वरचा थर जातो. आणि रिकाम्या खुर्च्या भरण्यात मोठा वाटा कुणाचा, तर कोर्टांचा कारभार बघणाऱ्या नव्या न्यायालयीन कार्यालयाच्या प्रमुख बाईचा, जिला संसदेने ९ वर्षांसाठी निवडलं आणि जिचा नवरा सत्ताधारी फिडेस पक्षाचा युरोपियन खासदार होता, नव्या राज्यघटनेचा मसुदा करणाऱ्यांपैकी एक! मला तरी ह्याला सुधारणा म्हणवत नाही.

नोव्हेंबर २०१२ ला युरोपियन युनियनच्या कोर्टाने हा वयावरून केलेला भेदभाव आहे असा निकाल दिला. सरकारने वय ६५ केलं, तेही टप्प्याटप्प्याने, पण तोवर खुर्च्या भरल्या होत्या आणि खूप जज जुन्या पदावर परत आलेच नाहीत. २०१८ मध्ये पोलंडने सुप्रीम कोर्टात हीच युक्ती केली, ७० चं ६५. पण तिथल्या प्रमुख न्यायाधीश माउगोझाता गेर्सडॉर्फ कायदा लागू झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सरळ कामावर हजर झाल्या, बाहेर लोक "संविधान" म्हणून ओरडत होते, आणि युरोपियन कोर्टाने ह्या वेळी निकालाची वाट न बघता आधीच स्थगिती दिली, त्यामुळे जज परत आले.

आता एखाद्या देशात कोर्टं किती स्वतंत्र आहेत हे मोजायचं कसं? नुसते कायदे वाचून कळत नाही. प्रिन्स्टनच्या किम लेन शेपली ह्यांनी हेच दाखवलं, की असं एकेक कलम कुठल्या ना कुठल्या लोकशाही देशात सापडतंच, विष तयार होतं ते सगळी एकत्र जोडल्यावर. म्हणून स्वीडनचा व्ही-डेम प्रकल्प प्रत्येक देशाच्या जाणकारांना विचारतो की सरकार कोर्टाचे निकाल प्रत्यक्षात पाळतं का. ह्यात एक जण कडक मार्क देतो, दुसरा सढळ, पेपर तपासणाऱ्या सरांसारखं, तो फरक संख्याशास्त्राने कमी करतात. तरी वाद आहेच, काही संशोधक म्हणतात की जाणकारांच्या मूडचाही परिणाम होतो.

हंगेरीत हे इतकं सोपं का गेलं, तर २०१० ला फिडेस आघाडीला मतं ५३ टक्के पडली पण जागा मिळाल्या ३८६ पैकी २६३, म्हणजे दोन तृतीयांशच्या वर, आणि एकच सभागृह असल्याने तेवढ्या जागांवर आख्खी घटना बदलता येते. आपल्याकडे सुप्रीम कोर्टाच्या जजचं ६५ आणि हायकोर्टाचं ६२ हे वय घटनेतच लिहिलंय, ते बदलायला दोन्ही सभागृहांत विशेष बहुमत लागतं आणि वर किमान निम्म्या राज्यांच्या विधानसभांची मंजुरी. तरी १९७३ ला वयाला हात न लावता तीन सीनियर जजना डावलून ए. एन. रे ह्यांना सरन्यायाधीश केलं गेलं, आणि ते तिघं राजीनामा देऊन बाहेर पडले.