रानातले सूत्रकृमी

सिनोऱ्हॅब्डायटिस एलिगन्स हा जेमतेम १ मिलिमीटर लांबीचा, पारदर्शक सूत्रकृमी. एमिल मोपा यांनी १९०० मध्ये अल्जीरियातील नमुन्यांवरून त्याचे वर्णन केले. पुढे सिडनी ब्रेनर यांनी त्याला जनुकशास्त्राच्या प्रयोगशाळेत आणले. त्याची पेशी न् पेशी मोजली गेली, पण तो मुळात राहतो कुठे, याकडे कित्येक दशके फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. 'मातीतला कृमी' ही त्याची ओळख अजूनही छापली जाते. ती बदलायला हवी. नुसत्या मातीत सापडतात ते बहुधा उपाशी, सुप्त डिंभ, म्हणजे वाढ पूर्ण न झालेली पिल्ले. खातीपिती, वाढती वस्ती पाहायची तर गळून कुजलेले फळ किंवा लिबलिबीत झालेला देठ उघडावा लागतो. जीवशास्त्रज्ञ मारी-आन फेलिक्स आणि सहकाऱ्यांनी फ्रान्समध्ये सफरचंदाच्या बागांत केलेल्या पाहणीतून हे चित्र स्पष्ट झाले.

कृमी फळ खात नाही. फळ कुजवणारे जीवाणू खातो. मादीसदृश उभयलिंगी कृमी स्वतःच्याच शुक्रपेशींनी सुमारे ३०० अंडी फलित करतो, त्यामुळे एकटा पोहोचला तरी वस्ती उभी राहते. नर क्वचितच आढळतात. उबेत साधारण ३ दिवसांत नवी पिढी तयार होते आणि एका फळात हजारो कृमी वळवळू लागतात.

मग अन्न संपते. गर्दीचा रासायनिक संकेत आणि उपासमार यांमुळे कोवळे डिंभ 'डाउअर' अवस्थेत जातात: तोंड बंद, त्वचा जाड, खाणे थांबलेले. एरवी दोन-तीन आठवडे जगणारा जीव या रूपात काही महिने तग धरतो. डाउअर डिंभ एखाद्या उंचवट्यावर चढतो, शेपटीवर उभा राहतो आणि डोके हवेत डोलवत राहतो. जवळून गोगलगाय गेली की तो तिला चिकटतो आणि पुढच्या कुजत्या फळापर्यंत पोहोचू शकतो.

फळात शत्रूही असतात. नेमॅटोसिडा पॅरिसिआय हा परजीवी आतड्याच्या पेशींत वाढतो. २०११ मध्ये वर्णन झालेला ऑर्से विषाणूही तिथेच शिरतो. आर्थ्रोबोट्रिस बुरशी चिकट जाळी विणून कृमींना पकडते. प्रयोगशाळेतल्या पेट्री डिशमध्ये (कृमी वाढवण्याच्या उथळ बशीत) निरुपयोगी वाटणाऱ्या अनेक जनुकांचे काम इथेच शोधायला हवे.

प्रिस्टिओन्कस पॅसिफिकस या त्याच्या दूरच्या नातलगाची रीत वेगळी. त्याचे डाउअर भुंगेऱ्याच्या अंगावर नुसते बसून राहतात. भुंगेरा मेला की जागे होतात आणि त्याच्या कुजत्या देहावर वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांवर गुजराण करतात.