दुष्काळी काम आणि रोजगार हमी, दोन्हीकडे खडीच पण गोष्ट एक नाही

रोजगार हमीचा विषय निघाला की गावाकडे कोणीतरी म्हणतंच, "हां, ते बहात्तरचं खडी फोडायचं काम ना." माझी आजी तर शेवटपर्यंत दोन्हीला एकच शब्द वापरायची, दुष्काळी. दुष्काळीवर गेले होते, दुष्काळीचा पगार आला. तिचं चूक नव्हतं, दोन्हीकडे पाटी-घमेलं तेच, मस्टर तेच, मुकादमही बहुतेक तोच. पण "सरकारी योजनांनी गरिबी हटते का हो" या वादात लोक एकाचं यश दुसऱ्याच्या नावावर टाकतात आणि एकाचं अपयश दुसऱ्याच्या, म्हणून हे जरा सुटं करून बघायला पाहिजे.

घोळ व्हायला तारखाही कारण आहेत. रोजगार हमी योजना राज्यभर लागू करायचं ठरलं ते 1972 मध्येच, वि. स. पागे तेव्हा विधान परिषदेचे सभापती होते आणि कल्पना त्यांचीच. पण त्याच वर्षी पाऊस गेला, आधीची दोन वर्षंही धड गेलेली नव्हती, आणि सगळी यंत्रणा दुष्काळी कामांकडे वळली. हमीची योजना दुष्काळ ओसरल्यावर मग मार्गी लागली. कायदा झाला 1977 चा आणि अंमलात आला 26 जानेवारी 1979 ला. म्हणजे लोकांच्या आठवणीत दोन्ही गोष्टी एकाच उन्हाळ्यात मिसळून गेल्यात.

आता फरक. दुष्काळी काम सुरू कधी होतं? सरकारने टंचाई जाहीर केली, आणेवारी म्हणजे पीक किती आण्याचं आलं ते बघितलं, कलेक्टरने मंजुरी दिली की. पाऊस पडला की बंद. हमीचं काम सुरू कधी व्हायला पाहिजे? मजुराने मागितलं की. बस, एवढाच फरक आहे पण तो फार मोठा आहे, कारण पहिल्यात बटण साहेबाच्या हातात आहे आणि दुसऱ्यात ते मजुराच्या हातात दिलंय, पाऊस चांगला झालेला असो नसो. पुढे याच धर्तीवर देशभर लागू झालेल्या केंद्राच्या मनरेगा कायद्यात हे स्पष्ट लिहिलं होतं, अर्ज दिल्यापासून 15 दिवसांत काम द्या नाहीतर बेकारी भत्ता द्या, काम 5 किलोमीटरच्या बाहेर दिलं तर मजुरी 10 टक्के जास्त द्या.

पैशाचंही वेगळं. टंचाईचा पैसा टंचाईपुरता येतो. हमीसाठी महाराष्ट्राने 1975 मध्ये व्यवसाय कर बसवला, तुमच्या पगाराच्या स्लिपवर दर महिन्याला जे 200 रुपये आणि फेब्रुवारीत 300 कापलेले दिसतात ना, तो हाच, आणि त्यात सरकारने आपली तेवढीच भर घालायची अशी सोय होती. शहरातल्या नोकरदाराने खेड्यातल्या मजुराच्या कामाचे पैसे भरायचे! मला हे आपल्या राज्याने केलेलं सगळ्यात शहाणं काम वाटतं, आणि कित्येकांना आपण हे कशासाठी भरतोय हेच माहीत नसतं.

मग चाललं का? दुष्काळी कामांना प्रश्न एकच विचारायचा, माणसं उपाशी मेली की जगली. 1973 च्या उन्हाळ्यात ऐन भरात जवळजवळ 50 लाख लोक या कामांवर होते. रेशनवर मिलो नावाची लाल ज्वारी मिळायची, पोरांना कामावर सुकडी, पण रेशनचं धान्य सगळ्यांना पुरेल एवढं कधीच नव्हतं. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ यांनी या दुष्काळाचा बारकाईने अभ्यास केलाय, त्यांचं म्हणणं असं की मजुरीमुळे लोकांच्या हातात पैसा आला आणि त्या पैशाच्या ओढीने बाहेरचं धान्य व्यापाऱ्यांमार्फत इथे आलं. एवढा भयंकर दुष्काळ पडूनही 1943 च्या बंगालसारखे लाखो भूकबळी गेले नाहीत. या कसोटीवर दुष्काळी कामं पास, नि:संशय पास. त्यांनी गरिबी हटली का? नाही, आणि ते त्यांचं कामच नव्हतं. फोडलेली खडी वर्षानुवर्षं ढीग होऊन पडली म्हणून ती योजना फेल गेली असं म्हणणारे चुकीची पट्टी लावून मोजतात.

हमीला मात्र पट्टी कडक लावली पाहिजे. हमीमुळे मजुराला "तुमच्या दरात नाही येत मी" असं म्हणता येतं का, हे बघायचं. याचा चांगला पुरावा आंध्रातून आलाय. तिथे 157 मंडलांमध्ये (मंडल म्हणजे आपल्या तालुक्यासारखा भाग) मनरेगाची मजुरी स्मार्टकार्डने द्यायचा प्रयोग झाला, कुठे आधी कुठे नंतर हे सोडत काढून ठरवलेलं त्यामुळे तुलना सरळ करता आली. जिथे पैसे वेळेवर आणि कमी गळतीने पोचले तिथे गरीब घरांचं उत्पन्न साधारण 13 टक्क्यांनी वाढलं, आणि गंमत म्हणजे त्यातला बहुतेक भाग योजनेच्या मजुरीतून आलेला नव्हताच, बाहेरच्या मजुरीतून आला होता. म्हणजे जो रोजगार हमीच्या (रोहयोच्या) कामावर गेलाच नाही त्यालाही रोहयोचा फायदा झाला, कारण शेतमालकाला दर वाढवावा लागला. "मजूर मिळत नाही हो" ही तक्रार आपण जी ऐकतो ती एका अर्थी योजना चालल्याचीच खूण आहे.

पण हमी कागदावर राहून आतून दुष्काळी काम बनू शकते, आणि हे आपल्याकडेच झालंय. 1988 मध्ये किमान मजुरी दुप्पट झाली आणि रोहयोवरची हजेरी वाढायच्या ऐवजी घटली. दर दुप्पट झाल्यावर मजूर कमी कसे होतील? झालं एवढंच की खर्च आवरायला कामंच कमी उघडली गेली. बटण परत साहेबाकडे गेलं.

बीडच्या ऊसतोडीचं बघा. 2025-26 मध्ये महाराष्ट्रात मनरेगाची मजुरी दिवसाला 312 रुपये होती. पण मुकादम उचल म्हणजे आगाऊ रक्कम देतो ती हंगामाच्या आधी, एकरकमी, लग्नाला दवाखान्याला लगेच वापरता येणारी, आणि रोहयोचा पैसा येतो काम झाल्यावर, बऱ्याचदा पंधरा दिवसांची मुदत उलटून, मग माणूस कोयता घेऊन का नाही जाणार. हमी तिथे उचलीसमोर हरते, आणि रकमेपेक्षा वेळेमुळे जास्त हरते असं माझं मत आहे.

जिथे ती गरिबीच्या मुळाशी गेली तेही सांगायला पाहिजे. 1990 पासून फळबाग लागवड रोहयोला जोडली, स्वतःच्याच शेतात खड्डे खणा, कलमं लावा, मजुरी घ्या. कोकणातल्या आंबा-काजूच्या आणि सोलापूरकडच्या डाळिंबाच्या कितीतरी बागा यातून उभ्या राहिल्या. पण यात जमीन ज्याच्याकडे त्यालाच बाग मिळाली, भूमिहीन माणसाला फक्त मजुरी.

आणि आता हा फरक कळणं जास्तच गरजेचं झालंय. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी नवा कायदा मंजूर केला. दिवस 100 चे 125 केले, ऐकायला छानच. पण शेतीच्या ऐन हंगामात 60 दिवसांपर्यंत कामं बंद ठेवता येतील, आपल्यासारख्या राज्यांना 40 टक्के वाटा उचलायचाय, आणि केंद्र प्रत्येक राज्याला वर्षाची रक्कम आधीच ठरवून देणार, वरचा खर्च राज्याचा. मागणी वाढली की पैसा वाढतो ही जी हमीची गाठ होती ती इथे सैल होते. माझी भीती नेमकी तीच आहे, राज्याची तिजोरी आखडली की खाली पंचायतीत कामाचा अर्जच घ्यायचं टाळतात, घेतला तरी तारखेची पोच देत नाहीत, आणि पोच नाही म्हणजे कागदावर मागणीच झालेली नाही.