क्लॅरनेट कोणतं घ्यावं, त्यावर वाजवावं काय: अकरावी-बारावीच्या पोरांसमोरच्या निवडीची पार्श्वभूमी

परभणी-नांदेडकडची पोरं हल्ली विचारायलेत की दहावीपर्यंत काकाच्या नाहीतर मामाच्या बँडमधलं जुनं क्लॅरनेट वाजवलं, आता लंडनच्या मंडळांच्या ग्रेडच्या परीक्षा द्यायच्यात तर नवं कोणतं घ्यावं, माउथपीस कोणता, पीस म्हणजे वाजवायच्या रचना कोणत्या बसवाव्यात. उत्तर एका ओळीत देता येतं पण त्याचा उपयोग होत नाही, कारण हातातलं वाद्य त्या घरात आलं कुठून यावरच पुढचं बरंचसं ठरतं. म्हणून ही मागची गोष्ट.

अगदी मूळ सुरुवात थोडक्यात. १७०० च्या आसपास जर्मनीत न्यूरेंबर्गच्या एका कारागिरानं शॅल्युमो नावाच्या साध्या वाद्यात सुधारणा केली, वरच्या बाजूला जी चावी आली तिला आज आपण रजिस्टर चावी म्हणतो. सगळी गंमत आणि सगळा त्रास तिथंच आहे. सनईत फुंक वाढवली की त्याच बोटांवर वरच्या सप्तकातला तोच स्वर येतो. क्लॅरनेटात सा ची बोटं तशीच धरून रजिस्टर चावी दाबली की एकदम तार सप्तकातला पंचम निघतो. म्हणजे खालची बोटं वर जशीच्या तशी चालत नाहीत, आणि सनईच्या घरातून आलेल्या हाताला हे पचायला वर्ष-दोन वर्षं लागतात.

मराठवाड्यापुरतं बोलायचं तर निजामाच्या काळात औरंगाबाद, जालना, हिंगोली आणि मोमिनाबाद म्हणजे आपलं अंबाजोगाई, इथं हैदराबाद कंटिन्जंटच्या, म्हणजे निजामाच्या खर्चानं इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली चालणाऱ्या फौजेच्या, छावण्या होत्या. छावणी आली म्हणजे पलटण आली, पलटण आली म्हणजे कवायत आली आणि कवायतीला बँड. लग्नाच्या बँडचा चकचकीत गुंड्यांचा कोट, टोपी, रांगेत चालायची पद्धत हे सगळं भारतभर पलटणीच्या बँडवरूनच आलेलं आहे. वरातीत हलगी-सनई होतीच, तिच्या शेजारी क्लॅरनेट येऊन उभं राहिलं आणि मग गाण्याची मुख्य चाल त्याच्याकडंच गेली, कारण ट्रम्पेट-युफोनियमच्या गर्दीत गळ्यासारखं गाणारं तेच एक वाद्य होतं. वाद्यं यायची मेरठच्या जली कोठीतून, म्हणजे बँडची वाद्यं बनवणाऱ्या मोहल्ल्यातून, नाहीतर जुन्या बाजारातून. आणि इथंच सिस्टीमचा, म्हणजे चाव्या कशा बसवल्यात आणि बोटं कशी टाकायची या पद्धतीचा, घोळ आपल्या घरात शिरला.

सिस्टीम हा शब्द पोरं सर्रास वापरतात पण त्यात तीन गोष्टी एकत्र झाल्यात, म्हणून जरा थांबून सांगतो. १८१२ च्या सुमारास एका वादकानं तेरा चाव्यांचं क्लॅरनेट बनवून पॅरिसच्या संगीत विद्यालयापुढं ठेवलं, दावा असा की या एकाच वाद्यावर सगळ्या पट्ट्या वाजतील, सी, बी फ्लॅट आणि ए अशी तीन तीन क्लॅरनेटं बाळगायची गरज नाही. तिथल्या समितीनं ते नाकारलं. कारण दिलं की प्रत्येक क्लॅरनेटचा आवाजाचा रंग वेगळा आहे, एकच ठेवलं तर ते रंग जातील. या निर्णयावर आजही दोन मतं आहेत. मला स्वतःला समितीचं कानाबद्दलचं म्हणणं पटतं पण निर्णय चुकला असंच वाटतं, कारण ज्याच्याकडं एकच वाद्य घ्यायची ऐपत आहे त्याचा विचार त्यात नव्हता. पुढं झालं असं की तेरा चाव्यांचाच पाया सगळीकडं पसरला, ब्रुसेल्समधल्या अल्बर्ट नावाच्या कारखानदारानं तो सुधारला आणि त्याला अल्बर्ट सिस्टीम किंवा साधी सिस्टीम म्हणायला लागले. इंग्रजांच्या पलटणींत कित्येक वर्षं हीच चालायची, साहजिकच आपल्या बँडवाल्यांच्या हातातही हीच आली.

दुसरी बोहम. याचं नावच फसवं आहे. बोहम हा म्युनिकचा बासरीवाला, त्यानं हे क्लॅरनेट बनवलं नाही. पॅरिसच्या एका वादकानं आणि एका कारागिरानं मिळून त्याच्या बासरीवरची, भोकांभोवतीच्या कड्यांची कल्पना क्लॅरनेटला लावली, १८३९ ला प्रदर्शनात मांडली, १८४४ ला पेटंट घेतलं. सतरा चाव्या आणि सहा कडी, करंगळीच्या काही चाव्या डावीकडंही आणि उजवीकडंही, म्हणजे करंगळी एका चावीवरून दुसरीवर घसरवत न्यायची वेळ फारशी येत नाही. आज जगभर शाळा-कॉलेजात हेच शिकवतात. फक्त खुद्द जर्मनी-ऑस्ट्रियात अजून तिसरीच, ओलर सिस्टीम चालते, जी अल्बर्टच्याच जवळची.

आता आपल्या पोराचं काय होतं बघा. काकाच्या वाद्यावर उजव्या हाताची तर्जनी टाकली की जो स्वर येतो, त्यापेक्षा बोहमवर तीच तर्जनी टाकली की अर्धा सूर खालचा येतो. चार वर्षं मुरलेलं बोट खोटं पडतं. परीक्षेच्या पुस्तकातले बोटांचे तक्ते बहुतेक बोहमचे, म्हणून शहरातले क्लासवाले सरळ म्हणतात की ते जुनं ठेवून द्या. मला हे मान्य नाही. अल्बर्टवर बोट हळूहळू उचलून मींड काढणं, सूर घासत नेणं हाताला जास्त सोपं जातं. तुर्कस्तानचे वादक आजही जी पट्टीचं अल्बर्ट क्लॅरनेट याच कारणासाठी वाजवतात. तंजावरकडं तर एकोणिसाव्या शतकातच नाचाच्या मेळात क्लॅरनेट आलं आणि पुढं कर्नाटक मैफलीत बसलं. ज्या लेकराला राग वाजवायचाय, लावणी वाजवायचीय, त्याच्या हातातून ते काढून घेणं म्हणजे आलेली कला पुसणं आहे. परीक्षेसाठी बोहम घ्यावं, जरूर घ्यावं, पण दुसरं म्हणून घ्यावं आणि दोन्हींचा रियाज वेगवेगळ्या वेळी ठेवावा.

सिस्टीमपेक्षा जास्त पोरं अडकतात ती पट्टीत. बी फ्लॅट क्लॅरनेटवर कागदावरचा सी वाजवला की पेटीवर काळी पाच म्हणजे बी फ्लॅट लागते, एवढं बँडमधल्या पोराला कोणी सांगावं लागत नाही. पण जुन्या वाद्यात अजून एक मेख असते. गेल्या वर्षी अकरावीतल्या एका पोरानं आजोबाचं क्लॅरनेट दाखवायला आणलं, काळंभोर लाकूड, चाव्यांवरची चकाकी घासून घासून गेलेली, सांध्यावरचा कॉर्क उडालेला म्हणून दोरा गुंडाळलेला. पोरगं म्हणालं, सर, माझा सूरच लागत नाही कीबोर्डबरोबर, सगळे म्हणतात फुंक कच्ची आहे. वाद्य उजेडात तिरकं धरलं तर कारखान्याच्या शिक्क्याखाली दोन बारीक अक्षरं होती, एच पी. म्हणजे हाय पिच. इंग्रजांच्या पलटणी १९२० च्या दशकाच्या शेवटापर्यंत जो सूर धरायच्या त्यात ए म्हणजे पांढरी सहा साधारण ४५२ हर्ट्झवर होती, आज सगळीकडं ४४० आहे, तो १९३९ ला लंडनच्या बैठकीत ठरला. हा फरक एका पट्टीच्या आणि पुढच्या पट्टीच्या जवळपास मधोमध पडतो, म्हणून ते वाद्य धड काळी पाचलाही लागत नाही आणि पांढरी सातलाही नाही. बॅरल म्हणजे माउथपीसच्या खालचा छोटा तुकडा, तो बाहेर ओढून भागत नाही, वरच्या भोकांवरचे स्वर जास्त उतरतात, खालच्या भोकांवरचे कमी. पोराच्या फुंकेत काहीच दोष नव्हता. जुनं वाद्य हातात आलं की आधी ती अक्षरं शोधावीत, एल पी म्हणजे लो पिच असेल तर चालतं.

लाकडाबद्दल लांबड लावत नाही. चांगली क्लॅरनेटं आफ्रिकन ब्लॅकवूडची असतात. २०१७ ला या झाडाच्या सगळ्या जातकुळीच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय बंधनं आली, २०१९ च्या शेवटी तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. पण आपल्याकडचा खरा प्रश्न मे महिन्याचा आहे, ४२ डिग्री आणि कोरडी हवा, नाहीतर डिसेंबरच्या थंड पहाटे गार लाकडात गरम फुंक. दोन्हीत वरचा सांधा तडकतो. बारावीपर्यंत चांगल्या प्लास्टिकचं वाद्य मराठवाड्यात लाकडापेक्षा शहाणपणाचं आहे आणि त्यात कमीपणा काही नाही. वाचलेला पैसा माउथपीसमध्ये घालावा. बँडमध्ये उघड्यावर वाजवायचं म्हणून मोठ्या तोंडाचा, म्हणजे रीड आणि टोकातली फट मोठी असलेला माउथपीस आणि दोन नंबरची मऊ रीड (फुंकेनं थरथरणारी वेताची पट्टी) ही जोडी बसलेली असते, आवाज लांब जातो पण बारीक सूर सांभाळत नाही. खोलीत वाजवायचं तर तोंड जरा कमी, साधारण एक मिलिमीटरच्या पुढंमागं, आणि रीड अडीच ते तीन. सवय लागायला महिना जातो.

आता पीस. बँडमधलं शिक्षण सरगमवर, ऐकून, एका रात्रीत नवं फिल्मी गाणं बसवण्याचं. ही फार मोठी ताकद आहे, फक्त कागद वाचायची सवय त्यात होत नाही. पुढं जायचं तर १८४३ ची क्लोझेची बोहमसाठीची फ्रेंच मेथड म्हणजे शिकायचं पुस्तक अजून कामाचं आहे. मोठे पीस निवडताना पोरं सरळ मोझार्टच्या १७९१ च्या कॉन्चेर्टोवर, म्हणजे वाद्यवृंदाच्या साथीनं एकट्यानं वाजवायच्या मोठ्या रचनेवर, उडी घेतात, पण ते मुळात ए क्लॅरनेटसाठी आहे, त्यातही जास्त खालपर्यंत जाणाऱ्या खास वाद्यासाठी लिहिलेलं, मूळ हस्तलिखित हरवलेलं आणि आज वाजतं ते नेहमीच्या वाद्याला जुळवून घेतलेलं रूप. ज्याच्याकडं फक्त बी फ्लॅट आहे त्यानं आधी वेबरचं १८११ चं कॉन्चेर्टिनो म्हणजे छोटं कॉन्चेर्टो धरावं, ते बी फ्लॅटसाठीच आहे.

आणि त्याआधी भूप. तीन बोटांवर आणि अंगठ्यावर सा धरा, रे-ग ला बोटं उचलत जा, पंचमाला सगळी बोटं उघडी, धैवताला तर्जनीनं एकच चावी, आणि तिथून तार सा ला एकदम आठ बोटं एका वेळी पडतात, रजिस्टर चावीसकट. हा ध-सा चा सांधा न फुटता आला की कॉन्चेर्टिनोतली निम्मी अडचण गेलेली असते. कुठलाही पाश्चात्त्य अभ्यास याच्याइतका सोपा करून हे शिकवत नाही असं माझं मत आहे.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत डीजेनं वराती नेल्या, बँडची कामं घटली, आणि त्याच घरातली पोरं परीक्षेकडं वळली. २०२० पासून लंडनच्या मंडळांच्या परीक्षा रेकॉर्डिंग पाठवूनही देता यायला लागल्या, त्यामुळं नांदेड-लातूरच्या पोराला पुण्या-मुंबईला जायची गरज उरली नाही. घरातच मोबाईल स्टँडला लावून रेकॉर्डिंग चालतं, उन्हाळ्यात आवाज येतो म्हणून कूलर बंद ठेवतात, दहा मिनिटांत खोली आणि वाद्य दोन्ही तापतात आणि सूर वर चढतो. कीबोर्डची साथ ४४० वरच असते, म्हणून सुरुवात करायच्या आधीच बॅरल एक-दीड मिलिमीटर बाहेर ओढून ठेवावा लागतो.