टपावरचा तंबू गाडीला धरून कसा राहतो

टपावर तंबू बसवायचा विचार सुरू झाला की पहिली शंका झोपेची येते. दोन मोठी माणसं, गादी, पांघरुणं आणि तंबू मिळून सव्वादोनशे किलो सहज होतात. टपाचा पत्रा तेवढं पेलेल का? गाडी उभी असेल तर बहुतेक वेळा काळजी नसते, कारण नीट बसवलेल्या कॅरिअरमधून हे वजन पत्र्याच्या मधल्या भागावर येतच नाही. ते टपाच्या दोन्ही कडांना, दारांच्या वरच्या जाड पोलादी पट्टीत उतरतं आणि तिथून खांबांवाटे खाली जातं. गाडी उलटली तर टप आत येऊ नये म्हणून हे खांब मुळातच भक्कम केलेले असतात. अडचण सुरू होते ती गाडी हलली की.

तुळजापूरच्या रस्त्याला लागलात, पुढे उसाची ट्रॉली अचानक आडवी आली आणि करकचून ब्रेक दाबला, असं समजा. कोरड्या डांबरावर गाडीचा वेग गुरुत्वत्वरणाच्या सुमारे ०.८ पट दराने उतरतो. तंबूला मात्र पुढेच जायचं असतं. साठ किलोचा तंबू त्या क्षणी कॅरिअरला सुमारे ४७० न्यूटनने, म्हणजे ४८ किलो वजनाइतक्या जोराने पुढे ढकलतो. गावाच्या वेशीवरचा रंग उडालेला गतिरोधक वेगात ओलांडला तर तोच तंबू क्षणभर दुप्पट-तिप्पट वजनाचा होऊन खाली आदळतो, आणि पुढच्या क्षणी वर उसळू पाहतो. म्हणून टपाच्या क्षमतेचे दोन आकडे असतात, उभ्या गाडीचा आणि चालत्या गाडीचा. गाडीच्या माहितीपुस्तिकेत छापलेला असतो तो चालत्या गाडीचा. बहुतेक एसयूव्हींना तो ५० ते १०० किलोंच्या दरम्यान असतो.

इथेच बहुतेकांचं गणित चुकतं. त्या आकड्यात कॅरिअरचं वजनही धरायचं असतं. मर्यादा ७५ किलो असलेल्या गाडीवर एमआयडीसीतल्या फॅब्रिकेटरकडून लोखंडी पाइपचा ऐसपैस कॅरिअर करून घेतला आणि तो ३० किलोंचा झाला, तर तंबूला उरले ४५. कापडी घडीचे तंबू साधारण ४५ ते ६५ किलोंचे, कडक कवचाचे ५५ ते ९०. म्हणजे तंबू अजून निवडायचाच आहे आणि पर्याय संपलेसुद्धा. २५ मिलिमीटरच्या चौकोनी, १.६ मिलिमीटर जाडीच्या पाइपचं वजन मीटरला जवळजवळ १.२ किलो भरतं. किती मीटर पाइप लागणार ते कागदावर मांडून मगच ऑर्डर द्यावी. ॲल्युमिनिअमची घनता पोलादाच्या साधारण एक तृतीयांश आहे, आणि इथे त्याचे जास्तीचे पैसे वसूल होतात.

टप कसला आहे यावर पुढचं सगळं ठरतं. सुमो, जिप्सी किंवा मारुती व्हॅन यांच्यासारख्या जुन्या गाड्यांना टपाच्या कडेने पावसाचं पाणी वाहून नेणारी पन्हळ असते. टप आणि बाजूचा पत्रा जिथे एकमेकांना वेल्ड होतात तोच हा जोड, त्यामुळे तो ताकदीचा असतो आणि क्लॅम्प लावायला सगळ्यात सोयीचाही. चारऐवजी सहा पाय लावता आले तर लावावेत, भार वाटला जातो. मात्र गाडी जुनी असेल तर आधी स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने पन्हळीचा तळ टोचून बघा. रंगाखाली आणि सीलंटखाली गंज लपलेला असतो. टोक आत गेलं तर आधी पत्रेकामवाला, मग तंबू.

नव्या एसयूव्हींना टपावर लांबीच्या दिशेने रेलिंग असतं. त्यातलं बरंचसं निव्वळ शोभेचं, क्लिपवर किंवा चिकटपट्टीवर बसवलेलं प्लास्टिक. दिसायला दोन्ही सारखीच. खात्री करायची तर पुस्तिकेत रेलिंगवर किती भार चालतो ते लिहिलंय का हे पाहावं, आणि टोकाची टोपी उचकटून खाली बोल्ट आहे का ते बघावं. बोल्टवर बसलेलं रेलिंग थेट कडेच्या पट्टीत भार उतरवतं. शोभेच्या रेलिंगला क्रॉसबार, म्हणजे तंबू पेलणारा आडवा दांडा, आवळला तर पहिल्या खड्ड्यापर्यंत तो व्यवस्थित दिसतो.

रेलिंगच नसेल तर दाराच्या रबराखाली, टपाच्या काठाला आकडा अडकवणारे क्लॅम्प मिळतात. त्यांचे पाय पत्र्यावर टेकतात आणि आकडा त्यांना खाली खेचून धरतो. हे किट गाडीच्या मॉडेलनुसारच घ्यावं लागतं. ‘थोडं घासून बसेल’ म्हणणाऱ्या दुकानदाराला नमस्कार करून पुढे जावं. जड तंबूला हा मार्ग मुळात नकोच. काचेचा मोठा सनरूफ असेल तर पुस्तिकेतला आकडा दोनदा वाचावा. आणि पायांखाली जुन्या सोलापुरी चादरीची घडी घालायचा मोह टाळावा. कापड दबत जातं, क्लॅम्प सैल होतो, आणि त्यात साठलेली धूळ पॉलिश पेपरचं काम करून रंग खरवडते. रबर हवं, तेही सोबत आलेलंच.

आता प्रत्यक्ष बसवणं. बहुतेक तंबूंना दोन क्रॉसबारमध्ये साधारण ७५ ते १२० सेंटिमीटर अंतर लागतं. तंबूच्या पुस्तिकेतला आकडा पाळावा. बार लावले की दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे आले नाहीत तर बार समांतर नाहीत, आणि तंबू बसवताना ओढाताण होणार. टप पुढच्या बाजूला उतरता असतो, त्यामुळे पुढचा बार खाली राहतो. दोन्हींवर सरळ पट्टी टाकून लेव्हल बघा आणि फरक असेल तर पुढच्या पायांखाली उंची वाढवणारे तुकडे घाला, नाहीतर तंबूच्या तळाला पीळ बसतो. डिकीचा दरवाजा पूर्ण उघडून त्याची कड तंबूच्या मागच्या कडेला लागत नाही ना, हेही आताच पाहायचं. निदान पाच सेंटिमीटर मोकळी हवीत.

तंबू वर चढवायला चार माणसं लागतात. तिघांत जमतं असं सांगणारे भेटतील, चौथा बोलवा. तंबूच्या तळाला लांबीच्या दिशेने दोन खोबणी असतात. त्यात आठ मिलिमीटरच्या बोल्टची डोकी सरकवायची, बारच्या खालून पट्टी लावायची आणि नट आवळायचे. चार पट्ट्या, आठ नट, तेरा नंबरचा पाना. बोल्टची खाली लोंबणारी टोकं टपापासून किमान दोन सेंटिमीटर वर हवीत, कारण गतिरोधकावर बारही वाकतो आणि टपही लवतो. जास्तीची लांबी कापून टाकावी. टपावर गोल खळगे पडलेले दिसले तर कारण बहुधा हेच असतं.

किती आवळायचं? अशा पट्ट्यांना साधारण १० न्यूटन-मीटर (हे फिरवण्याच्या जोराचं माप) पुरतात, नेमका आकडा तंबूच्या पुस्तिकेत असतो. तेरा नंबरच्या छोट्या पान्यावर हात साधारण साडेबारा सेंटिमीटरवर येतो. म्हणजे आठ किलोंचा जोर पुरे. कमी वाटतं? त्या एका बोल्टमध्ये तेवढ्यानेच सुमारे सहा हजार न्यूटनचा, म्हणजे सहाशे किलोंहून जास्त ताण तयार होतो. असे आठ बोल्ट. ब्रेकचे ४७० न्यूटन त्यांच्यापुढे काहीच नाहीत. पट्टी आणि बार यांच्यातलं घर्षणच तंबूला जागेवर धरून ठेवतं. पान्याला पाइप जोडून अर्ध्या मीटरवरून तोच जोर लावला की ताण चौपट होतो आणि तंबूच्या ॲल्युमिनिअमच्या खोबणीचे ओठ उघडतात. ते पुन्हा मिटत नाहीत.

म्हणजे बोल्ट तुटण्याची भीती जवळपास नाही. तो सैल होतो, हे दुखणं आहे. जर्मन अभियंता गेरहार्ट युंकर यांनी १९६९ मध्ये याचं कारण दाखवून दिलं. जोडलेल्या दोन पृष्ठभागांत आडवी घसर झाली, अगदी मिलिमीटरच्या अंशाने, की आट्यांमधलं घर्षण क्षणभर सुटतं आणि बोल्टमधला ताणच नटाला मागे फिरवतो. खडबडीत रस्त्यावर हे हजारो वेळा घडतं. आपल्याकडे सगळ्यांचा भरवसा स्प्रिंग वॉशरवर असतो, पण युंकर पद्धतीच्या चाचणीत त्याचा उपयोग नगण्य ठरतो. नायलॉनची कडी असलेला नट घ्यावा. तो गमावलेला ताण परत आणत नाही, पण सुटून रस्त्यावर पडतही नाही. शिवाय पट्टीखालचा पावडर कोटिंगचा थर पहिल्या काही किलोमीटरमध्ये दबतो आणि ताण आपोआप उतरतो. म्हणून पहिल्या पन्नासेक किलोमीटरनंतर, म्हणजे सोलापूरहून निघालात तर मोहोळ गाठून थोडं पुढे गेल्यावर, थांबून पाना लावायचाच. आवळून झाल्यावर नट आणि पट्टी यांच्यावरून रंगीत मार्करने एक सरळ रेघ ओढा. पुढे प्रत्येक चहाच्या थांब्याला वाकून बघितलं की रेघ तुटली आहे का ते कळतं; पाना काढायचीही गरज नाही.

स्टेनलेसचा नट स्टेनलेसच्याच बोल्टवर मशीनने भरभर फिरवू नका. घर्षणाने आटे तापतात, एकमेकांत रुततात आणि नट मध्येच असा अडकतो की बोल्ट कापावा लागतो. हाताने, सावकाश, आट्यांवर ग्रीसचा थेंब लावून. ग्रीस लावलं की तेवढ्याच जोरात जास्त ताण येतो, त्यामुळे हात थोडा आखडता घ्यावा. शेवटी तंबूला दोन्ही हातांनी धरून जोरात हलवा: गाडी स्प्रिंगवर डोलली पाहिजे, तंबू बारवर सरकता कामा नये.

पिकअपवाल्यांची गोष्ट वेगळी. हायलक्स, व्ही-क्रॉस किंवा बोलेरो कॅम्पर यांच्यात केबिन आणि हौदा चासीवर वेगवेगळे बसवलेले असतात. केबिनखाली रबरी बुश असतात. शेताच्या बांधावरून एक चाक वर गेलं की चासी पिळते आणि केबिन-हौद्यामधली फट डोळ्यांना दिसेल इतकी बदलते. त्यामुळे तंबूचे पुढचे पाय केबिनवर आणि मागचे हौद्यावर असं कधीच करू नये; तो पीळ तंबूच्या तळात जातो आणि बिजागऱ्या फाटतात. सगळा कॅरिअर हौद्यावरच घ्यावा. हौद्याची क्षमता शेकडो किलोंची, म्हणून टपाच्या मर्यादेची कटकट इथे नसते. पण हौद्याच्या काठावर उभे पाइप आणि वर आडवे पाइप एवढंच वेल्ड केलं, तर ब्रेक दाबल्यावर ती चौकट रिकाम्या काडेपेटीच्या खोक्यासारखी तिरकी होते. काठापासून अर्ध्या मीटर उंचीवर साठ किलो असले तर तो पीळ सुमारे २३५ न्यूटन-मीटर भरतो, आणि सगळा सांध्यांवर येतो. दोन्ही बाजूंना एकेक तिरपा पाइप किंवा कोपऱ्यांना त्रिकोणी पत्रे लावले की प्रश्न मिटतो. काठाला भोक पाडलंच तर आतून किमान तीन मिलिमीटरची रुंद पट्टी द्यावी, नुसता वॉशर पत्रा ओढून बाहेर येतो. चौकट केबिनच्या उंचीच्या खाली ठेवली तर तंबू वाऱ्याआड जातो.

वाऱ्याचं नाव निघालंच आहे तर त्याची खरी किंमत बघू. मिटलेला तंबू १.३ मीटर रुंद आणि २८ सेंटिमीटर उंच धरला, तर सोलापूरच्या उन्हाळ्यातल्या विरळ हवेतही ताशी ८० किलोमीटरला त्याच्यावर सुमारे ९५ न्यूटन रोध येतो, १०० ला दीडशे, १२० ला सव्वादोनशेच्या आसपास. ब्रेकच्या जोरापेक्षा हे कमीच. फरक एवढाच की ब्रेक दोन सेकंदांचा असतो आणि हा रोध पुणे महामार्गावर चार तास चालू राहतो. १०० च्या वेगाला फक्त तंबूसाठी इंजिनाचे चार किलोवॉट खर्च होतात. गरज नसताना तंबू घरी उतरवून ठेवण्याचं हे पुरेसं कारण आहे.

वळणांचं गणित जास्त गंभीर. १९०० किलोंच्या एसयूव्हीचा गुरुत्वमध्य ७० सेंटिमीटरवर असेल आणि जवळजवळ दोन मीटर उंचीवर कॅरिअरसह ८५ किलो चढवले, तर गुरुत्वमध्य पाच सेंटिमीटरने वर जातो आणि गाडी उलटायला लागणारा आडवा जोर सुमारे सात टक्क्यांनी कमी होतो. घाटात ही गोष्ट आकडे न कळताही जाणवते.

मुक्कामाला पोचल्यावर शिडीकडे लक्ष द्या. उलगडणाऱ्या तंबूचा अर्धा भाग गाडीबाहेर लोंबतो आणि त्याचा भार शिडी घेते. शिडी अशी लावायची की तंबूचा तळ एका रेषेत येईल. आखूड पडली तर बिजागरी खाली झुकते, लांब झाली तर वर ढकलली जाते. पायथा उंचीच्या एक चतुर्थांश बाहेर ठेवावा. आपल्या काळ्या मातीत मात्र, एखादी सर येऊन गेली असेल, तर रात्रीतून शिडी चार बोटं सहज रुतते. फूटभर लांबीची फळी सोबत ठेवा आणि ती पायांखाली घाला.

एप्रिल-मे महिन्यांत संध्याकाळी वळीव येतो. ताशी ६० किलोमीटरचा झोत उघड्या तंबूच्या अडीच चौरस मीटर कुशीवर साडेचारशे न्यूटनच्या आसपास रेटा देतो, जवळजवळ ब्रेकइतकाच. ढग दाटले की तंबूची अरुंद बाजू वाऱ्याकडे येईल अशी गाडी वळवावी. विजा चमकू लागल्या तर खाली उतरून गाडीत बसावं आणि काचा बंद कराव्यात. गाडीचा धातूचा सांगाडा वीज बाहेरून जमिनीकडे नेतो, कापडी तंबू तसं काही करत नाही.

कागदपत्रांचंही बघावं लागतं. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. टपाला कायमची वेल्ड केलेली चौकट त्यामुळे प्रश्न ओढवून घेऊ शकते. पान्याने निघणारा क्लॅम्पचा कॅरिअर त्या मानाने सोयीचा. आरटीओत आणि विमा कंपनीकडे आधी विचारून ठेवावं. आणि गाडीची नवी उंची टेपने मोजून स्टिअरिंगजवळ चिकटवावी. १.८५ मीटरची गाडी, कॅरिअर आणि तंबू धरून २.३ मीटरच्या घरात जाते, तर तळघरातल्या पार्किंगचा आडवा बार बऱ्याच ठिकाणी २.१ मीटरवरच असतो.