लेझर गॉगल (वैद्यकीय)

लेझर गॉगल म्हणजे उपचाराची लेझर मशीन चालू असताना त्या खोलीतल्या प्रत्येकानं घालायचा खास चष्मा. प्रत्येकानं म्हणजे डॉक्टर, सिस्टर, पेशंट आणि पेशंटसोबत आत आलेली सासूबाई पण. पहिला लेझर १९६० साली थिओडोर मैमन यांनी माणकाच्या कांडीपासून बनवला आणि थोड्याच वर्षांत डोळ्याच्या डॉक्टरांनी तो पडद्याच्या उपचारासाठी वापरायला घेतला. आता विदर्भात तालुक्याच्या गावातही लेझरनं मूळव्याधीच्या ऑपरेशनचे बोर्ड दिसतात, लग्नाआधी पोरी चेहऱ्यावरचे केस काढून घेतात, कुणी हातावरचं जुनं गोंदण पुसायला जातं. नागपूर-अमरावतीचा फेरा वाचतो हे चांगलंच आहे, पण मशीनसोबत गॉगलही यायला पाहिजे ना.

या मशीन बहुतेक क्लास ४ च्या, म्हणजे लेझरच्या सगळ्यात धोकादायक वर्गातल्या असतात, अर्ध्या वॅटच्या वर ताकद. एवढ्या ताकदीचा किरण सरळ डोळ्यात जायची गरजच नाही, स्टीलचा ट्रे, चिमटा, बोटातली अंगठी, कशावरूनही उडून आला तरी डोळा जाळू शकतो. प्रकाशाच्या लाटेच्या लांबीला तरंगलांबी म्हणतात, ती नॅनोमीटरमध्ये मोजतात. ४०० ते १४०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश थेट मागच्या पडद्यापर्यंत पोचतो, आणि भिंगाखाली ऊन गोळा होऊन कागद जळतो तसा डोळा त्याला एका बिंदूवर गोळा करतो, तिथं त्याची तीव्रता जवळजवळ लाखपट होते. पापणी मिटायला पाव सेकंद लागतो, तोवर जे व्हायचं ते होऊन जातं. त्यात १०६४ नॅनोमीटरचा याग लेझर (याग हे त्यातल्या स्फटिकाचं नाव) दिसतच नाही, म्हणून पापणी मिटतही नाही, आणि पडद्याला दुखणं कळत नाही. माणसाला एवढंच समजतं की नजरेसमोर एक काळा ठिपका आला, आणि तो बरेचदा कायमचा राहतो. कार्बन डायऑक्साइड लेझरचं वेगळं आहे, तो १०६०० चा, डोळ्याच्या पुढच्या भागातच अडतो, तिथं भाजतं आणि खूप दुखतं.

म्हणूनच एका मशीनचा गॉगल दुसऱ्या मशीनला चालेलच असं नाही, आणि सगळ्यात जास्त गफलत इथंच होते. गॉगलवर तरंगलांबी आणि ओडी (ऑप्टिकल डेन्सिटी, म्हणजे गॉगल किती प्रकाश अडवतो) हा आकडा छापलेला असतो, ओडी ५ म्हणजे लाखातला एकच भाग आत येतो. मशीनवरचा आकडा आणि गॉगलवरचा आकडा जुळला पाहिजे, रंगावर जाऊ नका. ५३२ च्या हिरव्या लेझरचा नारंगी गॉगल यागसमोर काहीच कामाचा नसू शकतो, आणि कार्बन डायऑक्साइडसाठी साधा पारदर्शक दिसणारा प्लास्टिकचा गॉगलही चालतो. उन्हाचा काळा चष्मा किंवा वेल्डिंगवाल्याकडचा गॉगल इथं चालत नाही. बरं, गॉगल बरोबर असला तरी किरणाकडे सरळ पाहायचं नाहीच.

पेशंटचे डोळे पूर्ण झाकणारं कवच वेगळं असतं. पापणीवरच काम असेल तर सुन्न करणारा थेंब टाकून पापणीच्या आत धातूची वाटी बसवतात. भुवईच्या खालच्या बाजूचे केस लेझरनं काढायला जाऊ नये, त्यातून बुबुळाला इजा झाल्याच्या केसेस वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत.

आपल्याकडचा खास त्रास उन्हाळ्याचा. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, लाईन गेली की एसी बंद, इन्व्हर्टरवर मशीन चालू, गॉगलच्या आत घाम आणि वाफ, मग तो कपाळावर चढतो. अशा वेळी मशीन स्टँडबायवर टाकायची, काच पुसायची, मगच पुढचं काम. लाईन परत आली की मशीन आपोआप किरण सोडायला नको, माणसानं हातानं चालू केल्यावरच सोडले पाहिजेत. काम झालं की चावी काढून ठेवायची, किरण सोडायच्या पायाच्या पॅडलजवळ दुसरं पॅडल ठेवायचं नाही, दारावर बोर्ड लावायचा आणि खिडकीची काच झाकायची कारण याग आणि डायोड (हा लेझरचा आणखी एक प्रकार) यांचा किरण काचेतून बाहेर जातो. स्पिरिट पूर्ण वाळल्याशिवाय आणि ऑक्सिजन मोकळा सुटत असताना लेझर चालवायचा नाही, आग लागते. चरा पडलेला, तडकलेला गॉगल फेकून द्यायचा.

किरण डोळ्यात गेल्याची शंका आली तर डोळा चोळू नका, दूध, मध, गुलाबपाणी काही टाकू नका. दुखत नसलं तरी त्याच दिवशी पडद्याची तपासणी होते अशा डोळ्याच्या दवाखान्यात जा, आणि मशीनचं नाव व त्यावरची तरंगलांबी कागदावर लिहून न्या, कारण डॉक्टर पहिलं तेच विचारतील.