कोकणची जमीन युरियाने आम्ल झाली?

‘रासायनिक खतांनी कोकणची जमीन आम्ल करून टाकली’ हे वाक्य वर्षानुवर्षे फिरतंय. ते अर्धवट आहे, आणि त्यामुळे उपायही चुकतो.

कोकणातली जांभ्याची तांबडी माती युरियाची गोणी गावात येण्याच्या कितीतरी आधीपासून आम्ल आहे. वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस मातीतलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅश धुऊन नेतो. मागे उरतात लोह आणि ॲल्युमिनियम. हे काम हजारो वर्षं चाललंय. युरिया आणि अमोनियम सल्फेटमधल्या अमोनियमचं जिवाणू नायट्रेट करतात तेव्हा आम्ल सुटतं, हे खरं. पण ती भर आहे, मूळ नव्हे.

खरा त्रास स्फुरदाचा, म्हणजे फॉस्फरसचा. आम्ल मातीत लोह-ॲल्युमिनियम त्याला धरून ठेवतात. खत घालूनही पिकाला मिळत नाही. सामू (मातीचा पीएच; ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल) ५.५ च्या खाली गेला की विरघळलेलं ॲल्युमिनियम मुळांची टोकं खुंटवतं. कडधान्यांच्या मुळांवरच्या, हवेतला नत्र धरणाऱ्या गाठीही नीट धरत नाहीत. भाताला मात्र याची झळ कमी, कारण खाचरात पाणी साचलं की सामू उदासीनाकडे सरकतो.

अनेकजण यावर जिप्सम सुचवतात. जिप्सम देशावरच्या चोपण, म्हणजे सोडियम साचलेल्या अल्कधर्मी जमिनीसाठी. त्याने सामू वाढत नाही. इथे हवी चुनखडी किंवा डोलोमाइटची भुकटी, तीही माती परीक्षणात सांगितलेल्या मात्रेतच. जास्त चुन्याने जस्त आणि बोरॉनची उपलब्धता घटते.